आवाज फाटतोय… पण कुठे?

सदर : खटपट्यांचा कट्टा

खटपट्या दोस्तांनो,

टॉर्च पेटत नाही, सायकलची घंटी वाजत नाही, पंखा फिरत नाही… असले बिघाड तसे सरळ. वस्तू चालते की चालत नाही, एवढाच प्रश्न! पण आज आपल्याला एक लबाड बिघाड पकडायचा आहे. यंत्र चालू आहे. त्याचा दिवा लागतोय. दुसऱ्याचं बोलणं अगदी स्वच्छ ऐकू येतंय. आपण बोलतो तेही पलीकडे पोचतंय. पण कसं पोचतंय? पत्र्यावर गारा पडाव्यात तसं! आणि गंमत अशी, की ज्याचा आवाज फाटलाय त्याला स्वतःला त्याचा पत्ताच नाही.

हा बिघाड होतो सी.बी. रेडिओमध्ये. चला, आधी त्याची ओळख करून घेऊ.

ट्रकवाल्यांची गप्पांची पेटी

सी.बी. म्हणजे सिटिझन्स बँड, सर्वसामान्य नागरिकांसाठी राखून ठेवलेला रेडिओलहरींचा पट्टा. अमेरिकेत १९५८ साली २७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा हा पट्टा लोकांना खुला झाला. डब्याएवढा एक संच, त्याला स्प्रिंगसारख्या वेटोळ्या वायरीने जोडलेला हातातला माइक आणि गाडीवर उंच डुलणारी अँटेना. माइकवरचं बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं.

१९७३ साली तेलाची टंचाई झाली आणि अमेरिकेतल्या ट्रकचालकांना या पेटीने फार मोठा हात दिला. पेट्रोल-डिझेल कुठल्या पंपावर मिळतंय, पुढे रस्ता बंद आहे का, पोलीस कुठे उभे आहेत (कारण पुढच्याच वर्षी ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली होती!), हे सगळं ट्रकमधून ट्रकमध्ये कळू लागलं. हौशी लोकही त्यात सामील झाले. गर्दी एवढी वाढली की १९७७ मध्ये २३ चॅनलची ४० चॅनल करावी लागली. त्यातलं ९ नंबरचं चॅनल संकटात मदत मागण्यासाठी, आणि १९ नंबरचं म्हणजे हायवेवरच्या ट्रकवाल्यांचा पार! पुढे मोबाइल आले, गर्दी ओसरली. तरी तिथल्या कित्येक ट्रकमध्ये हा संच आजही असतो. फोनवर एका वेळी एकालाच सांगता येतं, इथे मात्र आसपासच्या सगळ्यांना एका दमात सांगता येतं.

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. दाट धुकं पडलंय. हायवेवर एक ट्रक आडवा झालाय. मागून येणाऱ्यांना एक चालक ओरडून सांगतोय, "मैलाच्या पन्नासाव्या दगडापाशी रस्ता बंद!" इंग्रजीत पन्नास म्हणजे फिफ्टी आणि पंधरा म्हणजे फिफ्टीन. आवाज फाटला, शेवटी 'न' आहे की नाही तेच खरखरीत बुडालं, तर ऐकणाऱ्याने काय समजायचं? पंधरा की पन्नास? आवाज मोठा आहे हो, कान किटतील एवढा मोठा आहे. पण अर्थ? तो वाटेतच सांडला!

आजच्या कट्ट्याचं सूत्र हेच आहे : मोठा आवाज म्हणजे स्पष्ट आवाज नव्हे. बरेचदा तर मोठा करण्याच्या नादातच तो फाटतो.

नळाची तोटी आणि आवाज

असं का होतं ते कळायला घरातला नळ पुरे. तोटी अर्धी उघडा. पाण्याची एकसारखी धार लागली? ही धार म्हणजे संचातून सतत बाहेर पडणारी रेडिओलहर. तिला म्हणतात 'वाहक लहर', कारण ती आपला आवाज वाहून नेते. आता तोटी तालात थोडी उघडा, थोडी बंद करा. धार जाड-बारीक, जाड-बारीक होईल. सी.बी. संचातही आपला आवाज वाहक लहरीला असाच जाड-बारीक करतो. पलीकडचा संच ही जाड-बारीक नक्षी ओळखतो आणि तिचा परत आवाज करतो. या पद्धतीला ए.एम. म्हणतात.

आता सांगा पाहू, तोटी पूर्ण बंद झाल्यावर आणखी बंद करता येईल का?

नाही ना! वाहक लहरीचंही तसंच. आवाज प्रमाणाबाहेर मोठा झाला की लहर शून्यावर जाऊन अडते. नक्षीचा खालचा भाग कात्रीने कापल्यासारखा तुटतो. वरच्या बाजूलाही मर्यादा आहे. संचाची ताकद संपली की डोंगराची शिखरं तासून सपाट केल्यासारखी दिसतात. कापलेली नक्षी पलीकडे पोचली की फाटका आवाज ऐकू येतो.

शिवाय दुसरा उपद्रव! या कापाकापीतून नसत्या नव्या लहरी तयार होतात आणि शेजारच्या चॅनलवर त्यांचे शिंतोडे उडतात. सी.बी.ची चॅनल एकमेकांपासून साधारण १० किलोहर्ट्‌झ अंतरावर असतात, म्हणजे अगदी भिंतीला भिंत लागून. तुम्ही १९ वर किंचाळताय आणि २० वरचा बिचारा कपाळाला हात लावून बसलाय!

आता तपास!

चांगला तपासनीस पहिल्या भेटीत कुणालाही बेड्या ठोकत नाही. तो आवाजाच्या वाटेने पावलं मोजत जातो. ही वाट अशी : तोंड, माइक, माइकची वायर, आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, प्रक्षेपक, अँटेनाची केबल, अँटेना, आणि शेवटी दुसऱ्याचा संच. या सगळ्यांना वीज पुरवणारी बॅटरी आहेच. बिघाड यातल्या कुठल्याही मुक्कामी दबा धरून बसलेला असू शकतो.

आणि तपासाचा एक कडक नियम : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज सुधारला, तर कशाने सुधारला ते कधीच कळणार नाही.

पहिली पायरी : तक्रार कोणाची? आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून साक्षीदार लागतात. एक नव्हे, दोन तरी हवेत. एक जवळचा, एक जरा लांबचा. अगदी शेजारी उभ्या असलेल्या गाडीतला संच आपल्या जोरदार लहरींनी गुदमरतो आणि त्याला चांगला आवाजही फाटका वाटतो. एकच जण तक्रार करत असेल तर कदाचित दोष त्याच्या संचात असेल. काही संचांवर एस.एस.बी. नावाची दुसरी पद्धतही असते. त्यात दोन संचांचा मेळ किंचित हुकला की माणूस बदकासारखा बोलू लागतो! तो बिघाड नव्हे. ऐकणाऱ्याने 'क्लॅरिफायर' हे बटण थोडं फिरवलं की बदकाचा परत माणूस होतो.

दुसरी पायरी : तोंड आणि माइक. तळहात ओठांसमोर धरा आणि म्हणा, "प, फ, भ." हवेचे फटके बसले? माइकलाही तेच बसतात. म्हणून माइक ओठांना चिकटवायचा नाही. चार बोटं अंतर ठेवायचं, थोडा तिरका धरायचा आणि नेहमीच्या आवाजात बोलायचं. काही माइकच्या पोटात आवाज वाढवणारं वेगळं सर्किट आणि बटण असतं. ते पूर्ण चढवून ठेवणं हे फाटक्या आवाजाचं फार नेहमीचं कारण! बटण खाली आणा आणि साक्षीदाराला विचारा. पुष्कळ वेळा तपास इथेच संपतो. एक पैसा खर्च नाही!

मग वायर. बोलता बोलता ती हलवून पाहायची. हलवली की आवाज तुटतो, खरखरतो? मग आतल्या तारा तुटायला आल्या आहेत. जिथे वायर माइकमध्ये शिरते आणि जिथे प्लगमध्ये शिरते, त्या दोन मानांवरच सगळा ताण येतो. दुसऱ्याचा माइक लावून पाहता येतो, पण जपून बरं का! चार पिनांचा प्लग दिसायला सारखा असला तरी कुठल्या पिनेला कुठली तार, हे वेगवेगळ्या कंपन्यांचं वेगवेगळं असतं.

तिसरी पायरी : एका दगडात दोन पक्षी. ही पायरी मला सगळ्यात आवडते. बऱ्याच सी.बी. संचांवर 'पी.ए.' असं एक बटण असतं. बाहेर भोंगा जोडायचा, बटण पी.ए.वर करायचं, की आपला आवाज रेडिओलहरींवर न जाता सरळ भोंग्यातून ऐकू येतो. म्हणजे आपलं आपल्याला ऐकायची सोय झाली!

आता मेख ऐका. बहुतेक साध्या ए.एम. संचांत आवाजाचा शेवटचा, जोरकस अ‍ॅम्प्लिफायर एकच असतो आणि तो दोन नोकऱ्या करतो. ऐकताना तो स्पीकर वाजवतो. बोलताना तोच वाहक लहरीला जाड-बारीक करतो. यावरून काय काय कळतं पाहा :

पी.ए.वर आवाज स्वच्छ आला, तर माइक, वायर आणि अ‍ॅम्प्लिफायर तिघेही निर्दोष सुटले. चोर पुढे, प्रक्षेपक किंवा अँटेनाकडे आहे.

पी.ए.वरही आवाज फाटका आला, तर चोर अलीकडेच आहे. मग दुसऱ्यांचं बोलणं स्पीकरवर कसं येतंय ते ऐका. तेही फाटकं असेल तर संशय त्या दोन नोकऱ्या करणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर. ते स्वच्छ असेल तर संशय माइककडे सरकला.

पाहिलंत? संचाचा एक स्क्रू न काढता अर्धा संच तपासून झाला!

चौथी पायरी : उपाशी संच. घरात मिक्सर लावला की कधीकधी दिवा क्षणभर मंद होतो ना? तसंच इथेही होतं. ऐकताना संचाला वीज थोडी लागते, बोलताना कितीतरी जास्त. गाडीतले संच १३.८ व्होल्टवर चालतील असे बनवलेले असतात. वायर बारीक असेल, टोकं गंजली असतील, तर बटण दाबून बोलताक्षणी व्होल्टेज कोसळतं. नेमकी आवाजाची शिखरं उभी राहायच्या वेळी ताकद संपते आणि ती तासली जातात. म्हणून मल्टिमीटर लावून मोजायचं ते बटण दाबून, बोलत असताना. नुसत्या गप्प बसलेल्या संचाचं व्होल्टेज मोजून काय उपयोग? भूक पाहायची तर कामाच्या वेळी पाहावी!

आवाजाच्या मागे शिट्टीसारखा सूर येतो आणि इंजिनाचा वेग वाढला की तो सूरही चढतो? मग दोष आवाजाचा नाही, गाडीत वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरची कुरकुर वायरीतून आत शिरतेय.

पाचवी पायरी : घरी परत आलेली लहर. जुना मोबाइल रेडिओजवळ ठेवला की फोन येण्याआधी रेडिओत "टिर्र टिर्र" व्हायचं. आई-बाबांना विचारा, त्यांना नक्की आठवेल. मोबाइलची लहर रेडिओच्या तारांत शिरायची, त्याचा तो आवाज. सी.बी.त हाच खेळ स्वतःच्या लहरीशी होतो. अँटेना नीट जुळलेली नसेल, तिचा गाडीच्या पत्र्याशी जोड सैल असेल, केबल फाटली असेल, तर काही लहर बाहेर न जाता मागे फिरते आणि केबलच्या बाहेरच्या अंगावरून संचाकडे, माइकच्या वायरीकडे येते. माइकमधून परत आत, परत बाहेर! मग किंचाळी, गुरगुर, घोगरेपणा. माइकची वायर मुठीत धरली की आवाज बदलतो, ही याची ओळखीची खूण.

किती लहर मागे फिरते ते एस.डब्ल्यू.आर. मीटर सांगतो. १ म्हणजे आदर्श. दीडपर्यंत छान. तीनच्या पुढे गेला तर आधी अँटेना दुरुस्त करा, मग बोला. खात्री करून घ्यायला आणखी एक युक्ती आहे. अँटेना काढून तिच्या जागी 'डमी लोड' लावायचा. डमी लोड म्हणजे लहर जवळजवळ बाहेर न सोडता तिची उष्णता करणारा ५० ओहमचा रेझिस्टर. साक्षीदार मात्र अगदी जवळ हवा, कारण लांब काहीच जाणार नाही. डमी लोडवर आवाज स्वच्छ आणि अँटेनावर फाटका? मग संच निर्दोष! केबल आणि अँटेना पिंजऱ्यात उभी करा.

एक ताकीद : अँटेना किंवा डमी लोड न लावता बोलायचं बटण कधीही दाबू नये. ताकदीला जायला वाट मिळत नाही आणि आतला ट्रान्झिस्टर जळू शकतो.

सहावी पायरी : 'सुधारलेला' संच. अमेरिकेत ए.एम.वर सी.बी. संचाला फक्त ४ वॅटची परवानगी आहे. म्हणजे घरातल्या ९ वॅटच्या एल.ई.डी. दिव्याच्या निम्मीसुद्धा नाही! एवढ्यात भागत नाही असं वाटून काही जण संच उघडून आतला 'लिमिटर' काढून टाकतात. लिमिटर म्हणजे आवाज प्रमाणाबाहेर जाऊ लागला की त्याला आवरणारा राखणदार. राखणदाराला हाकललं, की मीटरचा काटा जोरात उडतो, मालक खूश! पण पलीकडे पोचतो तो कापलेला आवाज, आणि शेजारच्या चॅनलवर शिंतोडे. इतर सगळ्या पायऱ्यांवर काही सापडलं नाही आणि संच जुना बाजारातून घेतलेला असेल, तर हा संशय धरावाच. खूप जुन्या संचात आतले कपॅसिटर सुकून गेलेले असतात, तेही आवाज बिघडवतात. पण संचाच्या पोटात हात घालायचं काम जाणकार तंत्रज्ञाचं. आपला तपास त्याच्या दारापर्यंत.

तुमच्या घरची प्रयोगशाळा

आपल्याकडे ट्रकमध्ये असे संच सहसा दिसत नाहीत. आणि प्रक्षेपण करणारं कुठलंही यंत्र वापरायचं तर आधी सरकारी नियम पाहावे लागतात. हौशी रेडिओसाठी, म्हणजे हॅमसाठी, परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. पण म्हणून आपला प्रयोग अडतो थोडाच? घरातला मोबाइल घ्या. त्यात आवाज मुद्रित करायची सोय असतेच.

कागदावर हे शब्द उलटसुलट क्रमाने लिहा : पाट, ताट, काठ, माठ, घाट, वाट, भात, हात, दात, सात. मित्राला यादी दाखवू नका. मग ती तीनदा मुद्रित करा, दर वेळी क्रम बदलून.

पहिल्यांदा फोन वीतभर लांब धरून, नेहमीच्या आवाजात.
दुसऱ्यांदा फोन ओठांना टेकवून.
तिसऱ्यांदा ओठांना टेकवून आणि ओरडून.

मित्राने ऐकून शब्द लिहायचे. दहापैकी किती बरोबर आले ते मांडा. बघा, या शब्दांत फरक आहे तो मुख्यतः एकेका व्यंजनाचा. 'आ' तर सगळ्यांत आहे आणि तो कितीही ओरडलं तरी ऐकू येतो. पण अर्थ राहतो व्यंजनात, आणि ती बिचारी नाजूक असतात. फाटक्या आवाजात पहिला बळी त्यांचाच. पन्नासचे पंधरा होतात ते इथेच!

आई-बाबांसाठी एक विनंती. मुलं आरडाओरडा करू लागली तर पाच मिनिटं कळ काढा. आणि यादी तपासायला तुम्हीही बसा. तिसऱ्या वेळी तुमचे किती बरोबर येतात, ते पाहू या!

हाच धडा शाळेच्या स्नेहसंमेलनातही उपयोगी पडेल. मागच्या रांगेतून "ऐकू येत नाऽऽही!" असा गलका झाला की निवेदक माइक आणखी तोंडात घालतो आणि अ‍ॅम्प्लिफायरवाले दादा बटण आणखी चढवतात. आवाज वाढतो, शब्द मरतात. त्या वेळी हळूच जाऊन सांगा, "दादा, बटण जरा खाली घ्या. ताई, माइक चार बोटं लांब." आणि मागच्या रांगेत एक साक्षीदार बसवायला विसरू नका.

या आठवड्याचं कोडं

एका सी.बी. संचाचा तपास चालू आहे. दुसऱ्यांचं बोलणं स्पीकरवर अगदी स्वच्छ येतं. पी.ए.वर मात्र आपला आवाज फाटका येतो. नीट चालणारा, योग्य जोडणीचा दुसरा माइक लावला, तरीही फाटकाच! बॅटरी उत्तम आहे. मग चोर वाटेच्या कुठल्या टप्प्यावर लपला असेल?

थोडी मदत करतो. माइकचा आवाज इतका दुबळा असतो, की तो दोन नोकऱ्या करणाऱ्या त्या पैलवानापर्यंत पोचण्याआधी त्याला एक छोटा मदतनीस लागतो. दुसऱ्यांचं बोलणं स्पीकरकडे जाताना मात्र या मदतनिसाच्या वाटेने जात नाही. आलं लक्षात?

उत्तराबरोबर कारणही लिहून पाठवा. नुसतं चोराचं नाव चालणार नाही. कोण कोण निर्दोष सुटले आणि कशावरून, तेही हवं. खटपट्यांच्या कट्ट्यावर पुराव्याशिवाय कुणालाही शिक्षा होत नाही!